पिष्टपेषण

मराठी समीक्षेत 'पिष्टपेषण' हा शब्द नेहमी दूषण म्हणूनच येतो. जे एकदा दळून झाले आहे तेच पुन्हा जात्यात घालणे, म्हणजे नवे काहीही न सांगणे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांवर शेरे मारताना आम्ही दोघांनीही हा शब्द सढळ हाताने वापरलेला आहे आणि यापुढेही वापरू. मात्र गेल्या पावसाळ्यात घरी अळंबीचा पेस्टो करण्याचा घाट घातला, तेव्हापासून तो आम्हाला थोडा निराळा ऐकू येऊ लागला आहे. इटालियन भाषेत 'पेस्तारे' म्हणजे कुटणे, ठेचणे. त्यावरून 'पेस्तो', म्हणजे ठेचलेले. या क्रियापदाच्या मागे लॅटिनमधील 'पिन्सेरे' उभे आहे, आणि 'पिन्सेरे'चे संस्कृतातील भावंड म्हणजे 'पिष्' हा धातू. पिनष्टि, पिष्ट, पेषण ही सारी त्याचीच रूपे. आपले रोजचे 'पीठ' म्हणजे तो 'पिष्ट'च, प्राकृताच्या वाटेने झिजत आलेला. इंजिनातला 'पिस्टन'ही याच घराण्यातला. उलट, ज्याच्याबरोबर पेस्टो खातात तो 'पास्ता' मात्र या कुळातला नाही. त्याचे मूळ ग्रीकपर्यंत जाते. एका ताटात बसले म्हणून सोयरिक होत नाही आणि नुसत्या ध्वनिसाम्यावरून तर मुळीच नाही, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला सांगतो तेच येथेही खरे.

येथे 'आम्ही' हे संपादकीय 'आम्ही' नव्हे, हेही सांगून टाकलेले बरे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. नवरा-बायको, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवितो, आणि हा लेख दोघांनी मिळून, बराच वाद घालून लिहिला आहे. घरात तिसऱ्या आहेत त्या आई. आमच्यापैकी एकाच्या त्या जन्मदात्या, दुसरीच्या सासू. एक त्यांना 'तू' म्हणतो, दुसरी 'तुम्ही' म्हणते. लेखात दोन्ही चालवता येणार नाही, म्हणून येथे आदरार्थी बहुवचन पत्करले आहे.

आई ८१ वर्षांच्या आहेत. वैशाखात त्यांना मोठे आजारपण आले. त्यातून त्या उठल्या, पण अन्नावरची वासना गेली ती परत आली नाही. "चवच कळत नाही रे," एवढे एकच वाक्य. वरण-भाताचे दोन घास, ताकाची वाटी, की ताट बाजूला. वजन उतरत चालले होते. प्रथिने वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ज्या गोष्टींची नावे घेतली त्यांतल्या निम्म्या या घरात येऊ शकत नव्हत्या. अशा दिवसांत आमची एक माजी विद्यार्थिनी, जी आता घराच्या एका खोलीत धिंगरी अळंबीची लागवड करते, पाव-पाव किलोच्या दोन पुड्या देऊन गेली. पेस्टोची कल्पना तिथून सुरू झाली. हौस होतीच, पण नुसत्या हौसेपोटी आम्ही एवढे केले नसते.

आता मूळ पेस्टोविषयी थोडे. पेस्टो जिनोआचा, म्हणजे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिग्यूरिया प्रांताचा. तेथील कोवळी बाझिल, लसूण, चिलगोज्यांसारख्या पाइनच्या बिया, पार्मेझान आणि मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो ही दोन चीजे, जाडे मीठ आणि ऑलिव्हचे तेल, एवढाच संसार. हे सारे संगमरवरी खलात लाकडी दांड्याने कुटावयाचे. तेथील बाझिलला २००५ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक नामसंरक्षण मिळाले, आणि २००७ पासून जिनोआत दर दोन वर्षांनी खल-दांड्याने पेस्टो करण्याची जागतिक स्पर्धा भरते. म्हणजे शुद्धतेचा अभिमान आहे आणि तो जाज्वल्य आहे. परंतु पेस्टोच्या आद्य छापील पाककृतींपैकी जी जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या 'ला कुचिनिएरा जेनोव्हेझे' या १८६३ च्या पुस्तकात आहे, तीत बाझिल न मिळाल्यास मार्जोराम आणि पार्स्ली चालेल असे सांगून टाकले आहे. चीजमध्ये पार्मेझानच्या जोडीला डच चीज आहे आणि वर थोडे लोणीही आहे. ज्याला आपण 'संहिता' म्हणून कवटाळतो, तीतच पाठभेदांची मुभा असावी, हा अनुभव ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकांना नवा नाही.

अळंबीचा पेस्टो मात्र जुन्या जिनोआचा म्हणता येणार नाही. लिग्यूरियाच्या डोंगराळ भागात अळंबी भरपूर. तिचे कालवण तेथे करतात आणि त्याला 'तोक्को' असे त्यांचे स्वतंत्र नाव आहे. अक्रोडाचेही एक वाटण तेथे आहे, मार्जोराम आणि दुधात भिजवलेला पाव घालून केलेले. अळंबी, अक्रोड आणि पाला एकत्र कुटून त्याला पेस्टो म्हणणे ही अलीकडची रीत. ती आता इटलीतही रुळली आहे, आणि बाटल्यांवर तर काय वाट्टेल त्याला पेस्टो म्हणतात. आम्हाला त्याचे वैषम्य नाही. आमचा प्रश्न निराळा होता: आम्ही याला मराठीत काय म्हणायचे?

शब्दशः भाषांतर तर हाताशीच आहे. पेस्टो म्हणजे ठेचलेले, म्हणजे ठेचा. इतके नेमके भाषांतर क्वचितच मिळते. क्रियापदापासून नाम बनवण्याची पद्धतसुद्धा तीच. आणि तरीही 'अळंबीचा ठेचा' म्हटले की खानदेशापासून कोल्हापुरापर्यंत कोणीही मराठी मनुष्य हिरव्या मिरचीचा जाळ अपेक्षिणार, आणि त्याच्या पुढ्यात येणार अक्रोडाच्या तेलकट गोडव्याचा, मातकट वासाचा, मुळीच तिखट नसलेला लगदा. व्युत्पत्तीने अचूक आणि अर्थाने सपशेल चुकीचे असे हे भाषांतर आहे. 'चटणी' म्हणावे तर ती मुळात चाटण्याची वस्तू, पेस्टो कालवण्याची. 'वाटण' म्हणावे तर ते दुसऱ्या पदार्थात विरघळून जाण्यासाठीच जन्माला येते, स्वतःच्या नावाने ताटात बसत नाही. भाषांतराच्या वर्गात समानार्थी शब्दांविषयी आम्ही जे तासन्‌तास बोलतो, ते सारे एका वाटीत मावले.

या निमित्ताने क्रियापदांकडे लक्ष गेले. धान्य आपण दळतो, डाळ भरडतो, भात कांडतो, दाणे कुटतो, ओले खोबरे वाटतो, लसूण ठेचतो, औषध खलतो, काही गोष्टी रगडतो आणि काही चेचतो. प्रत्येक क्रियापदाला त्याचे हत्यार आहे: जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, खलबत्ता. हाताची चाल निराळी, आवाज निराळा. वाटणे म्हणजे पुढे-मागे. कांडणे म्हणजे वर-खाली. दळणे म्हणजे गोल. मिक्सर येऊन घराघरांत स्थिरावला त्याला आता काही दशके झाली, परंतु त्याला स्वतःचे क्रियापद मिळालेले नाही. आपण 'मिक्सरमधून काढतो' किंवा 'फिरवतो'. जणू पदार्थ त्यातून नुसता जाऊन येतो आणि मधल्या काळात जे घडते त्याच्याशी आपला संबंध नाही. (आमच्यातील एकाचे मत असे, की हे यंत्राविषयीच्या तुच्छतेचे लक्षण नसून केवळ आळसाचे आहे. वाद मिटलेला नाही.)

दळण्याबरोबर गाणे येते, हे तर आपल्याकडे सांगावयासच नको. जात्यावरच्या ओव्या हे मराठी बायकांनी रचलेले केवढे तरी मोठे वाङ्मय, आणि गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून ते गोळा केले नसते तर पिठाच्या गिरण्यांबरोबर ते बरेचसे नाहीसे झाले असते. पण त्या प्राचीन रोमन जगातही हेच होते. 'मोरेतुम' नावाची एक लॅटिन कविता आहे. ती पूर्वी व्हर्जिलच्या नावावर घालत, आता अभ्यासक तसे मानत नाहीत. तीत सिमुलुस नावाचा गरीब शेतकरी पहाटे काळोखात उठतो, चूल पेटवतो, जात्यावर धान्य दळताना गावरान गाणी म्हणतो, मग परसातून लसूण आणि पाला उपटून आणतो आणि चीज व मीठ घालून खलात कुटू लागतो. लसणाचा दर्प नाकात जातो, डोळ्यांना पाणी येते, तो शिव्या घालतो आणि कुटत राहतो. शेवटी तेलाचे थेंब, थोडे आंबट, आणि दोन बोटांनी खल निपटून त्याचा गोळा. कुटता कुटता निरनिराळे रंग एकमेकांत मिसळून एकच रंग होतो, याचे तेथील वर्णन विशेष प्रसिद्ध आहे. पेस्टोचे पूर्वज शोधणारे या कवितेपाशी हमखास थांबतात. आम्हीही थांबलो. मात्र आम्हाला तीत सर्वांत खरे वाटले ते शिव्या घालणे.

कारण हे काम सोपे नाही. खलबत्त्यात अळंबी नीट कुटली जात नाही. ती दांड्याखालून निसटते आणि तिचे दोरे राहतात. तिला पाटाच हवा. आमच्याकडचा पाटा गेली कित्येक वर्षे सज्जात कुंडीखाली बसला होता. तो धुतला, घासला, आणि मग लक्षात आले की त्याला टाकी लावल्याला दोन दशके तरी झाली असावीत; अंग गुळगुळीत झालेले, वरवंटा नुसता घसरतो. टाकीवाले आता दारावर येत नाहीत. शेवटी बारीक चिरून घेतल्यावर त्या गुळगुळीत पाट्यावरच काम भागले.

रीत लिहून ठेवतो. 'रुचिरा'च्या वाचकांना परिचित अशा वाटीच्या मापाने. धिंगरी पाव किलो. ती पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि हाताने उभी फाडावी. लोखंडी कढई कोरडीच चांगली तापवून तीत पसरावी. अळंबीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते सुटते, कढईत तळे साचते, आणि नवशिक्याचा धीर सुटतो तो येथेच. थांबावे. पाणी आटले की आवाज बदलतो, खदखदण्याची चरचर होते आणि कडा तांबूस होऊ लागतात. तेव्हा चमचाभर तेल आणि मीठ. अळंबी शिजवून बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि तो भाज्यांच्या तंतूंसारखा उष्णतेने विरघळत नाही. पाव किलोची वाटीभर उरते. ती निववून बारीक चिरावी. अर्धी वाटी अक्रोड मंद भाजून, फडक्यात चोळून, साले काढून घ्यावेत. चिलगोजेही चालतात, परंतु त्यांचा भाव पाहता आम्ही तो विषय वाढवला नाही. पाट्यावर आधी चार पाकळ्या लसूण जाड्या मिठाबरोबर, मग अक्रोड, मग वाटीभर पाला, शेवटी अळंबी. पाला शेवटाकडे आणि झटपट, कारण बाझिल जखमी झाली की काळी पडते. वाटून झाल्यावर वाडग्यात काढून पाव वाटी ऑलिव्ह तेल थोडे थोडे घालीत चमच्याने फेटावे, आणि लिंबाचे पाचसहा थेंब. मिक्सर वापरणाऱ्यांनी थांबत थांबत वापरावा आणि तेल बाहेरच घालावे. पात्यांच्या वेगाने चांगले ऑलिव्ह तेल कडवट होते. शीतकपाटात तीन-चार दिवसांहून अधिक ठेवू नये. तेलात बुडालेला कच्चा लसूण आणि अळंबी हे दीर्घकाळ साठवण्याचे पदार्थ नव्हेत. बाहेर ठेवण्याचा तर विचारही करू नये.

पाल्याविषयी एक शोध लागला तो येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे जिनोआच्या बाझिलच्याच जातीच्या झाडाचे बी. शास्त्रीय नाव एकच, वाण निराळा. पुडीतले चिमूटभर बी कुंडीत टाकले, आठवड्यात रोपे आली. वास अधिक उग्र, थोडा लवंगेसारखा. पण वीस रुपयांत भरपूर पाला. आणि रात्तो यांनी सुचवलेला मार्जोराम म्हणजे आपला मरवा. गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफतात तोच. मराठी बायकांनी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या केसांत माळले, ते लिग्यूरियात वाटणात घालतात. (फुलबाजारातला मरवा मात्र खाऊ नये, त्यावर काय फवारलेले असते सांगता येत नाही, कुंडीतच लावावा.)

हे सर्व रमणीय झाले. प्रश्न पुढेच होता.

आमच्यापैकी एकाच्या, म्हणजे आईंच्या घरी, अळंबीला 'कुत्र्याची छत्री' म्हणत. या शब्दातच तिचे स्थान ठरून गेलेले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील पाचव्या श्लोकात द्विजांना अभक्ष्य म्हणून लसूण, गृंजन, कांदा आणि कवके यांची एका दमात गणना आहे, आणि अपवित्र जागी उगवणाऱ्या साऱ्याच वस्तूंची. अळंबीचा पेस्टो म्हणजे त्या श्लोकाचा अर्धा भाग वाटीत कालवल्यासारखेच. आईंनी लसूण केव्हाच पत्करला होता, चातुर्मास सोडून. अळंबी मात्र कधी दारातून आत आली नव्हती.

दुसरीचे माहेर दक्षिण कोकणातले, मासे खाणारे. तेथे श्रावणाच्या सुमाराला डोंगरातून बायका पानांच्या द्रोणांत अळंबी घेऊन बाजारात येत, आणि ती तासाभरात संपत असे. वारुळांपाशी उगवणारी ती रानअळंबी वाळवीच्या सोबतीनेच वाढते. तिची लागवड साधत नाही, म्हणून तिचे दिवस मोजकेच. (गोव्यातही तिचे असेच अप्रूप आहे, आणि अति तोडणीमुळे ती विरळ होत चालल्याची काळजीही. आणखी एक: रानअळंबी ज्यांना पिढीजात ओळखता येते त्यांच्याच हातची घ्यावी. विषारी जातींतली काही विषे शिजवूनही जात नाहीत. रोमचा सम्राट क्लॉडियस इ. स. ५४ मध्ये गेला तो अळंबीतून विषप्रयोग झाल्यानेच, असे जुने इतिहासकार सांगतात.) त्या घरी अळंबीची आमटी म्हणजे सणच. एकाच भाषेत, दोनशे-अडीचशे मैलांच्या अंतराने, एकाच वस्तूला एकीकडे 'अळंबी' आणि दुसरीकडे 'कुत्र्याची छत्री'. बोलींतील शब्दभेद शिकवताना आम्ही ही जोडी उदाहरण म्हणून दिलेली आहे. फळ्यावर ती निरुपद्रवी दिसते.

पेस्टो करून झाला त्या दिवशी वाद झाला तो असा. एकाचे म्हणणे: आईंना 'अक्रोडाची चटणी' म्हणून द्यावी. ते खोटे नाही, अक्रोड आहेतच. त्यांची प्रकृती महत्त्वाची. दोन घास अधिक जातील. आपल्याकडे रूपांतराची थोर परंपरा आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले १८८३ मध्ये, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला १८९० मध्ये. नावे, गावे बदलली, कोणाचे काय बिघडले? दुसरीचे म्हणणे: 'झुंझारराव' पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला ते रूपांतर आहे हे ठाऊक होते, निदान ठाऊक करून घेणे त्याच्या हाती होते. नाव बदलणे आणि नाव लपवणे यांत फरक आहे. ज्या माणसाने आयुष्यभर काय खायचे आणि काय नाही हे स्वतः ठरवले, त्याला आजारपणात फसवून खाऊ घालणे म्हणजे त्याचे म्हातारपण सिद्ध करणे. आणि, हे वाक्य थोड्या वेळाने आले, "माझ्या माहेरचे अन्न दुसऱ्या नावाने या घरात यायला नको. येणार असेल तर आपल्या नावाने येऊ दे."

या शेवटच्या वाक्यावर वाद संपला. कारण ते वाक्य पेस्टोविषयी नव्हतेच.

आषाढी एकादशी अजून दोन दिवसांवर होती, त्यामुळे लसणाचा प्रश्न तूर्त नव्हता. दुपारी मऊ भातावर तूप घालून बाजूला ती वाटी ठेवली, आणि आईंनी हात लावण्यापूर्वीच सांगितले: यात अळंबी आहे. आई बराच वेळ वाटीकडे पाहत राहिल्या. वास घेतला. आजारपणानंतर त्यांनी कशाचा वास घेतलेला आम्ही पाहिला नव्हता. मग चौकशी सुरू झाली आणि ती एखाद्या मीमांसकाला शोभेल अशी होती. ही उगवते कशावर? गव्हाच्या भुशावर. भुसा कसला? स्वच्छ, गरम पाण्यात उकळून निववलेला. त्यात शेण? नाही. आणि ती बाजारात पांढरी, गोल मिळते ती? ती निराळी, तिच्यासाठी भुसा कुजवून खत करतात आणि त्यात बहुधा कोंबड्यांची विष्ठा असते. "मग ती नको," आई म्हणाल्या, "ही चालेल. जागा अमंगळ म्हणून ना ते? इथं जागा तर स्वच्छ आहे." श्लोकाचा पूर्वार्ध सोडून उत्तरार्धातून त्यांनी निर्णय काढला होता, तोही श्लोक कधी न वाचता. सब्जाच्या पानांवरून आम्ही काही सांगू लागलो, तेव्हा "सब्जा म्हणजे तुळस नव्हे, एवढं कळतं मला," असे सुनावले गेले.

चीजविषयी त्यांनी विचारले नाही, आम्हीच सांगितले. खरे पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेट घालूनच करतात. त्याच्या नियमांतच तसे आहे. शाकाहारी घरांतून ते किती विश्वासाने खाल्ले जाते हे पाहून आम्हाला नेहमी नवल वाटते. अळंबीवर बहिष्कार आणि पार्मेझानला पाट, अशी पंगत पुण्यात दुर्मीळ नाही. आम्ही ते घातलेच नव्हते. त्याऐवजी भाजलेले तीळ दोन चमचे होते. चीजची खारट खोली त्याने येत नाही, हे मान्य. परंतु अळंबीत स्वतःचीच ती आमिषासारखी चव बरीच असते, जिला जपानी लोक 'उमामी' म्हणतात आणि जिच्या मुळाशी असलेले ग्लुटामेट किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळातून वेगळे केले.

आईंनी भात कालवला. तीन घास, चार, मग पुन्हा वाटीकडे हात. त्यानंतर सुनेकडे पाहून विचारले, "तुमच्याकडे करतात ना गं हे? अळंबी?"

"हो, आमटी करतात. खोबऱ्याच्या वाटणातली."

"मग इतकी वर्षं का नाही केलीस?"

लग्नाला सव्वीस वर्षे झाली आहेत. या प्रश्नाचे उत्तर आमच्यातील एकीने दिले नाही आणि दुसऱ्याला देता आले नाही. आईही उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी वाटी निपटली आणि पाणी मागितले. आमच्यातील एकीने पुढे हा प्रश्न कित्येक दिवस मनात घोळवला. तो निरागस होता, की सव्वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाक्याची आईंनी आपल्या परीने केलेली दुरुस्ती होती, याविषयी आमचे दोघांचे वाचन आजही एक नाही. लेखकाचा हेतू महत्त्वाचा की वाचकाचे आकलन, या प्रश्नावर वर्गात आम्ही दोन्ही बाजू सारख्याच उत्साहाने मांडतो. घरात तसे करता येत नाही.

चातुर्मास सुरू झाला आणि लसूण गेला. बिनलसणाचा पेस्टो तो पेस्टोच का, या शंकेचे निरसन इटालियन दुकानदारांनीच करून ठेवले आहे; तेथे 'बिनलसणाचा' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या सर्रास मिळतात. आम्ही त्याऐवजी आल्याचा लहानसा तुकडा घातला, आणि पुढच्या खेपेस मरवा. आईंना मरव्याचा आवडला. नाचणीच्या भाकरीशी, भाताशी, एकदा तर थालीपिठाशी. त्या त्याला काहीच म्हणत नाहीत. 'ते' म्हणतात: "ते आहे का कालचं?" भाषांतराचा प्रश्न एका सर्वनामाने सुटू शकतो हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

श्रावणात अळंबीची आमटी झाली, माहेरच्या पद्धतीची, कांदा-लसणाशिवाय जेवढी होऊ शकते तेवढी. धिंगरीची, कारण पुण्यात वारुळावरची कोठून मिळणार? ती आमच्यातील एकीला अपुरी वाटली, दुसऱ्याला उत्तम, आणि आईंना पातळ.

वजन दिवाळीपर्यंत दीड किलो वाढले. ते पेस्टोमुळे, औषधांमुळे, की नुसत्या दिवसांमुळे, हे सांगणे शक्य नाही. कार्तिकी एकादशी झाली, तुळशीचे लग्न लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटा मांडलेला होता. "आता लसूण घाला," त्या म्हणाल्या, "आणि सरक जरा, तुझा वरवंटा आडवा पडतो आहे." बसायला स्टूल दिले, पाटा ओट्यावर चढवला. दोन्ही हातांनी त्यांनी चार-पाच वेळा वरवंटा ओढला, थांबल्या, दम घेतला, पुन्हा ओढला. मग बोटाने चाखून पाहिले आणि मीठ मागितले.